कुंपणाने शेत खाल्ले तेव्हा

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी? हा प्रश्न कॅलिफोर्नियात एकदा खरोखरच न्यायासनासमोर उभा राहिला. २००२ साली आलेला ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’ हा चित्रपट त्याच हकीकतीवर बेतलेला आहे.

जॉन ऑर हा ग्लेंडेल शहराच्या अग्निशामक दलातील कॅप्टन. आगीचे मूळ हुडकण्यात त्याचा मोठा लौकिक होता. १० ऑक्टोबर १९८४ रोजी साउथ पॅसाडेना येथील ‘ओल्स’ या दुकानास आग लागून चार जीव गेले. त्यांत एक आजी व तिचा दोन वर्षांचा नातू होता. आग अपघाती, असा निर्वाळा तपासनिसांनी दिला. ती मुद्दाम लावलेली आहे, असे आग्रहाने सांगणारा होता ऑर!

जानेवारी १९८७ मध्ये फ्रेस्नो येथे अग्नितपासनिसांची परिषद भरली, आणि त्याच सुमारास आसपासच्या दुकानांतून आगी लागल्या. बेकर्सफील्डच्या एका दुकानात सिगारेट, काड्या, रबर व वहीचा पिवळा कागद यांची जुळणी सापडली. कागदावर बोटाचा ठसा होता. आग लावणारा परिषदेस आलेल्यांपैकीच असावा, असा संशय मार्विन केसी या अग्निशामक अधिकाऱ्यास आला. स्वकीयांवर बोट ठेवणारे हे बोलणे फारसे कोणास रुचले नाही. १९८९ मध्ये ठसा ताडून पाहिला. पण तपासणाऱ्याच्या चुकीने ऑर सुटला. १९९१ मध्ये तो ठसा त्याचाच निघाला, आणि १९९२ मध्ये तीन आगींबद्दल त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली.

ऑरने एक कादंबरीही लिहिली होती. तीत आग लावणारा हा अग्निशामक दलातलाच माणूस. आणि दुकानाच्या आगीत एक आजी व नातू मरतात. १९९८ च्या खुनाच्या खटल्यात हे हस्तलिखित पुराव्यात आले. ज्यूरीने चारही खुनांबद्दल त्याला दोषी ठरविले. सुटकेची आशा नसलेली जन्मठेप झाली.

येथे वकिलाचे मन थबकते. कल्पित लेखन म्हणजे कबुलीजबाब नव्हे. तसे मानल्यास प्रत्येक रहस्यकथाकार आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील. मात्र ज्या हाताने आगी लावल्याचे अगोदरच शाबीत झाले आहे, त्याच हाताने तो प्रसंग रंगविला असेल, तर न्यायालयाने डोळे मिटून घ्यावेत असेही नाही. कथेला वजन येते ते अन्य पुराव्याच्या जोडीनेच.

चित्रपट पाहणारा विचारतो, ‘आग लावणारा कोण?’ न्यायालय विचारते, ‘हे कशावरून?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका चुकलेल्या तपासणीमुळे दोन वर्षे लांबले, आणि तेवढा काळ कुंपणाची राखण कुंपणाकडेच राहिली.