मुंबई ते कराची : अंतर किती?

नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर मुंबईहून कराची हवाई मार्गाने सुमारे 880 किलोमीटर भरते. दिल्ली त्याहून लांब, कोलकाता तर जवळजवळ दुप्पट. विमानाला दीड तास पुरतो. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, त्यामुळे दुपारी एकला निघालेला माणूस दोनच्या सुमारास पोहोचला असता.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना हे सांगितले की ती हसतात. त्यांना कराची लंडनपेक्षा दूर वाटते.

एकेकाळी ही दोन्ही शहरे एकाच इलाख्यात होती. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला आणि 1936 पर्यंत तो तिथेच राहिला. सरकारी नोकर इकडून तिकडे जात, तिकडून इकडे येत. नारायण जगन्नाथ वैद्य हे शिक्षण खात्यातले असेच एक मराठी गृहस्थ. सिंधमधली पहिली सरकारी शाळा 1855 मध्ये कराचीत सुरू झाली. तिला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि फाळणीनंतरही ते पुसले गेले नाही. सिंधी भाषेच्या खुदाबादी लिपीला वळण लावण्याचे कामही त्यांच्याकडे होते. शिक्षकी पेशातल्या मला या नावाचे अप्रूप वाटते. गिरगाव-दादरच्या किती वाचकांना ते ठाऊक असेल?

भारतीय विमानसेवेचा जन्मही याच वाटेवरचा. लंडनहून टपाल इम्पिरिअल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येई. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा ते टपाल घेऊन छोट्याशा पस मॉथ विमानातून सकाळी कराचीहून निघाले, अहमदाबादेत इंधन भरले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले.

सामान्य माणसाची वाट मात्र बोटीची होती. 1947 नंतर हजारो सिंधी कुटुंबे याच समुद्रातून मुंबईच्या गोदीत उतरली आणि कल्याणच्या लष्करी छावणीत गेली. त्याचेच पुढे उल्हासनगर झाले. उलट दिशेनेही हिजरत चालूच होती. भायखळा-नागपाडा परिसरात राहिलेले सआदत हसन मंटो जानेवारी 1948 मध्ये बोटीनेच कराचीला गेले व तिथून लाहोरला. मुंबई त्यांच्या लेखणीतून अखेरपर्यंत सुटली नाही.

1965 च्या युद्धानंतर बोटी बंद पडल्या. 1971 च्या युद्धानंतर तुटलेली विमानसेवा 1976 मध्ये पुन्हा जुळली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 1 जानेवारी 2002 पासून ती पुन्हा थांबली, दोन वर्षांनी सुरू झाली. पीआयएचे कराची-मुंबई विमान 2017 मध्ये बंद झाले. राजस्थान सीमेवरून जाणारी थर एक्स्प्रेस 2006 मध्ये धावू लागली होती, तीही 2019 मध्ये थांबली. कराचीतला भारतीय वकिलातीचा दरवाजा तर 1994 मध्येच लागला होता. आणि एप्रिल 2025 पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले.

आता व्हिसा मिळालाच, तर दुबई गाठायची. मुंबई-दुबई 1,900 किलोमीटरहून थोडे अधिक, दुबई-कराची सुमारे 1,200. म्हणजे 880 साठी तीन हजारांवर. विमानात बसण्याचे तास पाच, दुबईच्या विमानतळावर ताटकळण्याचे वेगळे. डोंगरी-मदनपुऱ्यातल्या ज्या घरांत एक बहीण इथे आणि एक तिथे, तिथे आता लग्न असो की मय्यत, मोबाइलच्या पडद्यावरच पाहिली जाते.