कवायत आणि कायदा : बंदूक शिकवण्याची गोष्ट

हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावच्या परिसरात पहाटे फिरायला निघालात, तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली भेटतात. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात हे दृश्य कुठेही दिसेल. ही पोलीस भरतीची तयारी असते. मुलांना १६०० मीटर धावायचे, मुलींना ८०० मीटर. शिवाय १०० मीटरची धाव, गोळाफेक आणि नंतर लेखी परीक्षा. यांतील कितीतरी जण कालपरवापर्यंत आपल्याच वर्गात बसत होते.

या सगळ्या परीक्षेत एक वस्तू कुठेच नसते, ती म्हणजे बंदूक. ती भरतीनंतर, प्रशिक्षण केंद्रात हातात येते. ती देताना नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न जगातील पलटणींना आणि पोलीस दलांना गेली चारशे वर्षे पडत आला आहे. उत्तर मात्र दर काळी वेगळे निघाले. या उत्तरांकडे आपण शिक्षक म्हणून पाहू. कारण ही गोष्ट जितकी हत्याराची आहे तितकीच अभ्यासक्रमाची आणि परीक्षेची आहे.

तोड्याच्या बंदुकीची शाळा

पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. त्यांचा मृत्यू १७०८ सालचा. त्यांच्या काळातली बंदूक ठासणीची होती. नळीत दारू ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायची आणि पेटता तोडा तिथे टेकवायचा. यातली एक पायरी चुकली की बार उडत नसे, किंवा भलतीकडेच उडे. बंदूकवाल्या शिपायाला 'बरकंदाज' म्हणत. या फारसी शब्दाचा अर्थ 'वीज फेकणारा'. ही विद्या बापाकडून मुलाला किंवा जुन्या शिपायाकडून नव्याला मिळे. तिचे लिहिलेले पाठ नव्हते.

असे पाठ युरोपात तयार झाले ते सतराव्या शतकाच्या आरंभी. १६०७ साली हॉलंडमध्ये एक सचित्र पुस्तक निघाले. त्यात बंदूक भरून उडवण्याची क्रिया चाळीसहून अधिक छोट्या कृतींत मोडून दाखवली होती आणि प्रत्येक कृतीला एक चित्र व एक हुकूम होता. अवघड कौशल्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा घोटून घ्यायचा आणि मग ते जोडायचे, ही पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. पाढे आणि बाराखडी आपण अशीच शिकवतो.

ही पद्धत अठराव्या शतकात आपल्याकडे आली. पानिपतावर १७६१ साली लढलेले इब्राहिमखानाचे गारदी आणि पुढे महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या फ्रेंच भाषक अधिकाऱ्याने उभारलेल्या पलटणी याच तालमीतल्या. अशा फौजेला 'कवायती फौज' म्हणत. 'कवायत' हा शब्द अरबी 'कायदा' या शब्दाच्या अनेकवचनापासून आला आहे. म्हणजे शाळेच्या मैदानावरची कवायत आणि न्यायालयातला कायदा ही एकाच मुळाची फळे आहेत. हे लक्षात असू द्यावे, शेवटी त्याचे काम पडणार आहे.

या कवायतीत एक गोष्ट जवळजवळ शिकवलीच जात नसे, ती म्हणजे नेम. याचे कारण साधे होते. नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी नळीपेक्षा किंचित लहान. सुटताना ती नळीत आपटत आपटत बाहेर पडे आणि शेवटची टक्कर जशी बसेल त्या दिशेला जाई. दोनशे पावलांवरच्या एका माणसावर नेम धरणे व्यर्थ होते. म्हणून शेकडो बंदुका एकदम झाडायच्या आणि लवकर पुन्हा भरायच्या, एवढेच साध्य होते. परीक्षा वेगाची होती, म्हणून शिपाई वेग शिकला.

गोल फळ्याचे युग

१७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफा-बंदुकांवर एक ग्रंथ लिहिला. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडायची, ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना हे उदाहरण अवश्य सांगावे. हवेचा रोध गोळीला किती अडवतो आणि नळीतल्या पिळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ कशी जाते, याचाही त्याने विचार केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशा खाचांच्या रायफली सर्रास सैन्यात आल्या आणि १८५३ साली इंग्लंडमध्ये हाईथ येथे नेमबाजीची खास शाळा निघाली. आता नेम शिकवण्यात अर्थ होता. समोर गोल वर्तुळांचा फळा उभा राहिला.

फळ्यावरच्या नेमबाजीचे विज्ञान वर्गात सहज मांडता येते. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते. १०० मीटरला तिला ०.१४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सुमारे १० सेंटिमीटर खाली येते. रायफलच्या माशीची रचना ही घट धरूनच केलेली असते. पण पिस्तुलाने १० मीटरवर झाडले तर घट अर्धा सेंटिमीटरही भरत नाही. तिथे चूक गुरुत्वाकर्षणाची नसते, हाताची असते. पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर १५ सेंटिमीटर धरा. माशी एक मिलिमीटर सरकली, तर १५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर दूर लागते. समरूप त्रिकोणांचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

हात का सरकतो? बहुधा भीतीने. धक्का आणि आवाज येणार हे शरीराला ठाऊक असते, म्हणून घोडा ओढण्याच्या क्षणीच मनगट आधी दचकते. त्यावर उस्तादांचा एक जुना उपाय आहे. खऱ्या काडतुसांत शिकाऱ्याला न सांगता एखादे खोटे काडतूस घालायचे. घोडा पडतो, आवाज होत नाही आणि नळी खाली झुकलेली त्याला स्वतःलाच दिसते. चूक शिक्षकाने सांगण्यापेक्षा शिकणाऱ्याला दिसावी, हे तत्त्व यापेक्षा स्वच्छ कुठे सापडणार?

या गोल फळ्याच्या विद्येत कोल्हापूरने मोठे नाव मिळवले आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले.

मात्र मैदानावरचा फळा हलत नाही, उलट गोळी झाडत नाही आणि तो लक्ष्यच आहे याबद्दल शंका नसते. पोलिसाच्या नशिबी यातले काहीच नाही.

शांघायचा धडा

हे प्रथम नीट ओळखणाऱ्यांपैकी एक होता विल्यम फेअरबेर्न. १९०७ साली तो शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत दाखल झाला. या दलात चिनी शिपायांबरोबर शीख शिपायांचीही मोठी शाखा होती. शहर गुन्हेगारीने गाजलेले. तिथल्या चकमकी पाहता त्याच्या ध्यानात आले, की बहुतेक गोळीबार काही पावलांवर, अपुऱ्या उजेडात आणि एक-दोन सेकंदांत उरकतो. गोल फळ्यावर पैकीच्या पैकी गुण घेणारा शिपाई अशा वेळी गोंधळतो, कारण हे त्याने कधी केलेलेच नसते. म्हणून त्याने अंधारी घरे उभारली. त्यांत जिने, आवाज, अचानक पुढे येणाऱ्या आकृत्या ठेवल्या. आज ज्याला पोलिसांचे प्रगत गोळीबार प्रशिक्षण म्हणतात, त्याची बीजे इथे दिसतात.

पण याच शांघायमध्ये ३० मे १९२५ रोजी याच दलाने, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकुमावरून, निदर्शकांच्या जमावावर गोळ्या झाडल्या. निदान नऊ जण मेले आणि सारे चीन पेटून उठले. तिथे नेम चुकला नव्हता, निर्णय चुकला होता. अंधाऱ्या घरात कितीही सराव केला, तरी 'झाडावे की नाही' हा प्रश्न त्या परीक्षेत नसेल, तर त्याचे उत्तर शिकले जाणार नाही.

पुढच्या काळात हा प्रश्न परीक्षेत आला. एका आकृतीच्या हातात पिस्तूल, तशाच दुसरीच्या हातात पाकीट किंवा फोन. एकीवर झाडायचे, दुसरीवर नाही. चुकून निरपराधावर गोळी गेली की बाकीचे गुण कामाचे नाहीत. अमेरिकेच्या एफबीआयने १९८७ साली क्वांटिको येथे यासाठी दुकाने, बँक, घरे असलेले खोटे गावच वसवले.

इथे एक जुनी शास्त्रीय अडचण आडवी येते. डच शास्त्रज्ञ डोंडर्स याने १८६८ साली दाखवले, की नुसत्या खुणेला प्रतिसाद देण्यापेक्षा दोन खुणांत निवड करून प्रतिसाद द्यायला अधिक वेळ लागतो. विचाराला वेळ लागतो, आणि चकमकीत तोच कमी असतो. सराव हा वेळ घटवतो, शून्यावर आणत नाही. म्हणून चांगले प्रशिक्षण आडोसा घ्यायला, अंतर राखायला, हाक मारून इशारा द्यायलाही शिकवते. या प्रत्येक कृतीने विचाराला थोडा अवधी मिळतो.

मुंबई, २००८

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत या सगळ्याची किंमत कळली. स्वयंचलित रायफली घेतलेल्या दहशतवाद्यांसमोर अनेक पोलीस लाठ्या आणि जुन्या रायफली घेऊन उभे राहिले. नंतर राम प्रधान समितीने चौकशी केली. दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे शीघ्र कृती दलाच्या गोळीबार सरावात खंड पडला होता, हेही तेव्हा पुढे आले. सराव हा कोरा कागद नव्हे, की एकदा लिहिला आणि जपून ठेवला. तो थांबला की विरतो. २००९ साली राज्याने 'फोर्स वन' हे खास दल उभारले.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ एक दहशतवादी पोलिसांच्या गोळीने मारला गेला आणि दुसरा जिवंत हाती लागला. साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या रायफलची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. तो जिवंत राहिला म्हणून कटाची माहिती मिळाली, खटला चालला, शिक्षा झाली. सहकारी समोर पडलेला असताना बाकीच्यांनी आरोपीला कायद्याच्या हवाली केले. हेही पोलिसाच्या कौशल्यातच मोजले पाहिजे.

उलट बाजूही महाराष्ट्राचीच आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली. त्यांबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नियम घालून दिले : चकमकीत मृत्यू झाला की स्वतंत्र तपास झालाच पाहिजे. ज्याच्यावर फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना त्याचा जीव घेण्याचा अधिकार आपला कायदा पोलिसाला देत नाही. हा नियम जुन्या फौजदारी संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे.

तेव्हा 'कवायत' आणि 'कायदा' हे शब्द पुन्हा एकत्र आले. एक हाताला शिकवते, दुसरा हात कुठे थांबवायचा ते सांगतो. बंदूक शिकवण्याचा चारशे वर्षांचा इतिहास हा पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा प्रवास आहे आणि तो पुरा झालेला नाही.

वर्गात करून पाहा

एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी, दुसऱ्याने शून्यापाशी बोटे उघडी ठेवावीत. पट्टी सोडली की पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.२ सेकंद लागले. आता नियम बदला. पट्टी सोडतानाच 'लाल' किंवा 'हिरवा' म्हणायचे. 'लाल'ला पकडायची, 'हिरवा'ला पडू द्यायची. मुलांच्या हातून 'लाल'ला पट्टी उशिरा पकडली जाईल किंवा निसटेल आणि 'हिरवा'लाही ती अनेकदा पकडली जाईल. पुन्हा पुन्हा करून आकडे वहीत मांडावेत.

त्यानंतर पहाटे धावणाऱ्या मुलांना विचारावे, 'पट्टीऐवजी हातात पिस्तूल असते तर?' उत्तर घाईने देऊ देऊ नये.