जुनी डिस्क नव्या गेम मशीनवर का चालत नाही? चिपच्या भाषेची गोष्ट

ईद जवळ आली की पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, पोरगा गेमचं मशीन मागतोय. कोणतं घ्यायचं?" धुळ्यातल्या एका ओळखीच्या घरी मामूंनी भाच्यासाठी जुना प्लेस्टेशन ४ आणला. सोबत स्वस्तात मिळाल्या म्हणून प्लेस्टेशन ३ च्या सहा डिस्क घेतल्या. एकही चालली नाही. मशीन चांगलं होतं, डिस्कवर ओरखडाही नव्हता. अडचण चिपच्या भाषेची होती. पैसे घालवण्याआधी ही भाषा थोडी समजून घेऊ या.

आर्किटेक्चर म्हणजे काय?

प्रोसेसर हा मशीनचा मेंदू. तो ठरावीक हुकूमच ओळखतो: हे दोन आकडे मिळव, ही संख्या तिथं ठेव, पुढच्या कामावर जा. या हुकमांची यादी आणि ते पाळणारी चिपची रचना, याला आर्किटेक्चर म्हणतात. गेम त्या यादीप्रमाणेच तयार होते.

आमच्या वर्गातली मुलं उर्दू आणि मराठी दोन्ही वाचतात. पण ज्याला फक्त देवनागरी येते, त्याच्या हाती उर्दू पुस्तक दिलं तर गोष्ट ओळखीची असूनही त्याला एक ओळ वाचता येणार नाही. तर्जुमा करणारा बसवावा लागेल, आणि त्यात वेळ जाईल. चिपचंही तसंच आहे.

आज तीन भाषांची चर्चा जास्त होते. पहिली एक्स-८६. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ चिपपासून ती सुरू झाली आणि आज बहुतेक कॉम्प्युटरमध्ये आहे. दुसरी आर्म, १९८५ साली ब्रिटनमध्ये जन्मलेली. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये हीच असते. तिसरी रिस्क-फाइव्ह. ती २०१० पासून अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात तयार झाली आणि वापरायला परवाना फी लागत नाही.

कॅसेटपासून आजपर्यंत

१९९० च्या दशकात आम्ही टीव्हीला जोडून कॅसेटवाली गेम खेळायचो. त्यातले बहुतेक डबे १९८३ च्या जपानी निन्टेंडो फॅमिकॉमची नक्कल असत. मूळ मशीनची चिप ८ बिटची, सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देणारी.

१९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मिप्स नावाची रचना होती. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये इंटेलची चिप आली. पुढे २००५-०६ मध्ये एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडो वी, तिन्ही मशीन आयबीएमच्या पॉवर घराण्याकडे गेली.

प्लेस्टेशन ३ ची 'सेल' चिप सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून बनवली होती. एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली छोटे मदतनीस. ताकद इतकी की २०१० मध्ये अमेरिकन हवाई दलाने १,७०० हून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभा केला. पण मदतनिसांना काम वाटून देता देता गेम बनवणारे वैतागले.

२०१३ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघेही एएमडी कंपनीच्या एक्स-८६ चिपवर आले. गेम बनवणं सोपं झालं, पण जुनी भाषा सुटली. मामूंच्या डिस्क इथेच अडकल्या. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून तर्जुमा करणारं सॉफ्टवेअर देऊन एक्सबॉक्स ३६० च्या काही गेम एक्सबॉक्स वनवर चालवल्या. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडीचीच एक्स-८६ चिप राहिली, म्हणून प्लेस्टेशन ४ च्या बहुतेक गेम त्यावर चालतात.

एक लक्षात ठेवा: भाषा एक असून भागत नाही. प्लेस्टेशन ५ आणि घरचा कॉम्प्युटर दोन्ही एक्स-८६, तरी डिस्क कॉम्प्युटरवर चालत नाही, कारण आतली ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी.

पुढच्या पिढीची स्पर्धा

निन्टेंडोने २०१७ च्या स्विचमध्ये एनव्हिडियाची आर्म चिप घेतली, जून २०२५ च्या स्विच २ मध्येही तीच वाट ठेवली. आर्म कमी विजेत चालते, म्हणून हातात धरून खेळता येतं.

मायक्रोसॉफ्टची २०२२ ची काही अंतर्गत कागदपत्रं पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आली. त्यात पुढच्या मशीनसाठी आर्म की एक्स-८६, हा निर्णय बाकी होता. जून २०२५ मध्ये कंपनीने एएमडीसोबतच पुढे जाण्याची घोषणा केली. सोनीही एएमडीसोबत काम करत आहे. लोकांकडे असलेल्या जुन्या गेम चालत राहाव्यात, ही एक्स-८६ ची मोठी जमेची बाजू.

रिस्क-फाइव्ह अजून मोठ्या कन्सोलमध्ये आलेली नाही. पण आयआयटी मद्रासची 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'वेगा' हे प्रोसेसर याच भाषेतले आहेत. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये यासाठी खास कार्यक्रम सुरू केला. गेमवर जीव टाकणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा. इंजिनिअरिंगला गेला तर या चिपवर त्याला स्वतः काम करता येईल.

घेण्याआधी हे बघा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घ्या, धुळ्याच्या आग्रा रोडला घ्या किंवा ऑनलाइन मागवा:

- जुन्या डिस्क असतील तर त्या कोणत्या मशीनच्या, ते आधी वाचा. दुकानातच लावून बघा.
- प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल मॉडेलमध्ये डिस्क टाकायची जागाच नसते. ती वेगळी विकत घ्यावी लागते.
- मोठी गेम चालताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॅट वीज घेतो, म्हणजे पाच तासांत एक युनिट.
- कंपनी ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा म्हणते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. मशीन बंद शोकेसमध्ये ठेवू नका, भर दुपारी खेळू देऊ नका.

मामूंच्या त्या सहा डिस्क अजून कपाटात आहेत. भाचा आता जुना प्लेस्टेशन ३ शोधतोय.