वेळ कोणाच्या खाती?



एका विहिरीवर दोन सख्ख्या भावांचा हिस्सा आहे, मोटार एकच आणि विजेचे बिलही एकच, असे धरून चला. आठवड्याची वाटणी करायची आहे. मोटार कोणी किती वेळा लावली याच्या रेघा भिंतीवर खडूने ओढलेल्या आहेत. धाकट्याच्या नावापुढे 9, थोरल्याच्या नावापुढे 1. मोटार एकूण चालली 10 तास. तेव्हा धाकट्याने 9 तासांचे पैसे भरावेत, थोरल्याने एका तासाचे! पण धाकटा दर खेपेस मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांना वीस मिनिटेच पाणी देत होता. त्याचे झाले अवघे 3 तास. थोरल्याने मोटार एकदाच लावली खरी, पण उसाला सलग 7 तास. रेघा खऱ्या, बेरीज खरी, आणि वाटणी मात्र साफ खोटी.

हा अन्याय आपल्याला चटकन दिसतो. पण संगणकाच्या क्षेत्रात मोठमोठ्या विद्वानांच्या हिशेबात हाच दोष होता, आणि त्याला नीट उत्तर मिळायला पंधरा वर्षे गेली. ती हकीकत आज सांगायची आहे.

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे एक गावच समजा. त्यात लहान लहान कारागीर असतात. त्यांना फंक्शन म्हणतात. शेतकरी सुताराला हाक मारतो, सुतार लोहाराला. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम कंपायलर करतो, आणि मग सारे गाव कामाला लागते. प्रोग्रॅम रेंगाळू लागला की प्रश्न येतो, वेळ जातो कुठे?

आपल्याला वाटेल, ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला हे ठाऊकच असणार. पण तसे नसते. डोनाल्ड नुथ यांनी फोरट्रान भाषेतले प्रत्यक्ष वापरातले प्रोग्रॅम तपासून 1971 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की साधारणपणे प्रोग्रॅमच्या 4 टक्क्यांहूनही कमी भागात निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. म्हणजे तो इवलासा भाग सापडला तर काम झाले. न सापडला तर उरलेल्या 96 टक्क्यांवर घाम गाळूनही पदरात फारसे पडत नाही. अंदाज पुरेसा नाही, मोजमाप हवे.

त्या काळी युनिक्स प्रणालीवर 'प्रॉफ' नावाचे एक साधन होते. कोणत्या फंक्शनात किती वेळ गेला आणि त्याला किती वेळा हाक आली, एवढे ते सांगे. पण लोहाराने दिवसभर घण मारले, एवढे कळून काय उपयोग? ते कोणासाठी मारले, हे कळायला हवे. प्रोग्रॅम मोठे होत गेले, एकच काम अनेक छोट्या फंक्शनांत विभागले जाऊ लागले, तसतशी ही उणीव अधिक जाचू लागली.

1982 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मॅककुसिक या तिघांनी 'जीप्रॉफ' पुढे आणले. युक्ती मोठी नामी होती. कंपायलरनेच प्रत्येक फंक्शनच्या उंबरठ्यावर जणू एक कारकून बसवायचा. हाक आली, की कोठून आली आणि कोणाला आली, याची त्याने नोंद करायची. पण नोंदीतच फार वेळ गेला तर मोजमापच बिघडायचे! म्हणून वहीची आखणी महत्त्वाची. त्यांनी हाक जेथून निघाली त्या जागेच्या पत्त्यावरूनच वहीतली जागा ठरवली. एका जागेवरून बहुधा एकाच फंक्शनला हाक जाते, त्यामुळे पान उघडले की नोंद समोरच, शोधाशोध नाही. क्वचित एका जागेवरून अनेकांना हाका गेल्या, तरच त्या पानावर पुढे चाळावे लागे. एवढे करूनही चालत्या प्रोग्रॅमवर बोजा पडे तो 5 ते 30 टक्क्यांचाच. शेवटी सगळ्या नोंदी जोडून 'हाकांचे जाळे' तयार होई, आणि लोहाराचा वेळ त्याला बोलावणाऱ्यांच्या खाती वर वर चढवता येई.

आता विहिरीकडे परत या. जीप्रॉफच्या वहीत हाका मोजलेल्या होत्या, पण कोणत्या हाकेला किती वेळ लागला हे नव्हते. मग वेळ वाटायचा कसा? हाकांच्या प्रमाणात! भिंतीवरच्या रेघाच त्या. प्रत्येक हाकेला सारखाच वेळ लागतो असे आम्ही गृहीत धरले आहे, हे कर्त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. परंतु वापरणारे गृहीतक विसरतात आणि आकडा लक्षात ठेवतात. 1988 साली कार्ल पॉन्डर आणि रिचर्ड फेटमन यांनी मोजमापाच्या साधनांतल्या अशा चुकांवर बोट ठेवले.

मग प्रत्येक हाक स्वतंत्र का लिहू नये? ती झाली रोजकीर्द. कोट्यवधी हाकांची रोजकीर्द मावायची कुठे? जीप्रॉफची वही म्हणजे खतावणी. ती आटोपशीर, पण तीत प्रसंग पुसले जातात. या दोहोंमधली वाट ग्लेन अ‍ॅमन्स, थॉमस बॉल आणि जेम्स लारस यांनी 1997 साली दाखवली. त्यांची आखणी वंशावळीसारखी आहे. शेतकऱ्याने बोलावलेल्या सुताराने बोलावलेला लोहार ही एक फांदी, आणि कुंभाराने बोलावलेला तोच लोहार ही दुसरी. एकाच वाटेने हजार हाका आल्या तरी नोंद एकाच ठिकाणी साठते, म्हणून झाड आवाक्यात राहते. फंक्शनने फिरून स्वतःलाच हाक मारली तर नवी फांदी न काढता जुन्याच ठिकाणी परत जोडून घेतात. आणि प्रत्येक फांदीवर तिचा स्वतःचा खरा खर्च लिहिता येतो, सरासरीचा नव्हे. थोरल्याचा ऊस आणि धाकट्याची मेथी आता वेगवेगळ्या फांद्यांवर आली!

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते, की विहिरीचे हे गणित वर्गात फळ्यावर जरूर मांडा. बेरीज बरोबर आली की उत्तर बरोबर, असे मुले समजतात. त्यांना विचारा, वहीत रकाना कोणता नव्हता? जो रकाना मुळात आखलाच नाही, त्याचे उत्तर पुढे कितीही हुशारीने आकडेमोड केली तरी त्या वहीतून निघत नाही. विहिरीवर घड्याळ लावून तास लिहिले असते, तर दोघा भावांत तंटा झालाच नसता.