तबकडीवरची नावे

यंत्रमाग कामगारांचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो मजुरी आणि महागाई यांवरच बोलणार, असा श्रोत्यांचा समज असतो. आज आम्ही गाण्याच्या तबकड्यांविषयी बोलणार आहोत. पण हिशेब शेवटी मजुरीशीच येऊन ठेपेल, हे आधीच कबूल करतो. संगीताचे शिक्षण आम्हांस नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि जे ऐकले ते भिवंडीच्या साच्यांच्या खडखडाटात.

जुन्या, न खपलेल्या तबकड्या शोधून काढायच्या, त्या पुन्हा छापायच्या आणि संग्राहकांना विकायच्या, असा एक धंदा जगभर उभा राहिला आहे. त्यातील मोठा भाग रॉक संगीताचा. 1969 च्या सुमारास विलायतेत ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हा प्रकार पुढे आला. तीन मिनिटांचे गाणे मागे पडून एकेक रचना कधी तबकडीची अख्खी बाजू व्यापू लागली. त्या लाटेत कित्येक मंडळ्यांनी एखादी तबकडी काढली, ती पडून राहिली आणि मंडळी पांगली. आज त्याच तबकडीच्या मूळ प्रतीसाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी नवी छपाई निघते. मुंबईही यातून सुटलेली नाही. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या रॉक मंडळीची 1981 साली निघालेली तबकडी 2011 साली अमेरिकेतील ‘नाऊ-अगेन’ या संस्थेने पुन्हा प्रकाशात आणली.

आता थोडे मागे जाऊ. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेस्बर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापून यायच्या त्या जर्मनीतील हॅनोव्हरहून. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव मोठ्याने पुकारीत असे. कारण परमुलखातील कारागिराला कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे ते कळावे! गायिकेचे नाव असे राहिले. मागे बसलेल्या सारंगियाने आणि तबलजीने नाव पुकारले नाही. ते कागदावरही बहुधा आले नाही. त्या तबकड्या ज्या लाखेच्या बनत, ती लाख आपल्याच रानांतून गोळा होई. ती गोळा करणाऱ्याचे नाव कोण विचारतो?

आमच्या विषयाचा गाभा मात्र 1982 सालात आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील वादक. आयुष्य दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करण्यात गेले. त्या साली त्यांनी मुंबईत तीन जपानी विजेची वाद्ययंत्रे समोर मांडली. एक ताल धरणारे, एक खर्जाचे, एक सुरावटीचे. त्यांवर त्यांनी भैरवी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. तबकडी निघाली आणि विस्मृतीत गेली. पुढे 2002 साली एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली. त्याने मुंबईत वादकाचा शोध घेतला, आणि 2010 साली ती पुन्हा छापली. लोक चकित झाले. 1987 साली शिकागोत ज्या नृत्यसंगीताचा उदय झाला असे मानतात, त्याचाच नाद मुंबईत पाच वर्षे आधी उमटला होता. काहींना तर ही बनवाबनवीच वाटली. सत्तरी ओलांडलेल्या चरणजितांनी मग युरोपात जाऊन वादन केले. 2015 साली ते वारले.

त्याच 1982 च्या 18 जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या थंडावल्या आणि कापडाचे काम आमच्या भिवंडीकडे आणखी वळले. ज्या यंत्रमागाने येथील हातमाग बसविला, त्याच्याच जोरावर भिवंडी वाढली. चरणजितांची यंत्रेही तशीच. पुढे अशाच यंत्रांनी चित्रपटांचे मोठे वाद्यवृंद लहान केले आणि कित्येक व्हायोलिनवाले घरी बसले. तरीही यंत्राला शिव्या देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आमचीही चूल यंत्रावरच पेटते. प्रश्न एवढाच, की यंत्रापाशी बसलेल्या माणसाची नोंद कोठे होते?

आमचीच गोष्ट सांगतो. तरुणपणी एका कारखान्यात आम्ही कांडीवाला होतो. हजेरीपटावर आमचे नाव नव्हते. पुढे थकबाकीचा दावा निघाला, तेव्हा तेथे राबल्याचा पुरावा आमच्यापाशी नव्हता. विणलेल्या ताक्यांवर शिक्का व्यापाऱ्याचा होता. शेवटी एका वृद्ध जोडीदाराने साक्ष दिली, तेव्हा कोठे आम्ही ‘होतो’ असे ठरले!

चांगली पुनर्छपाई ही अशीच साक्ष असते. प्रामाणिक प्रकाशक वादकांचे घर शोधतो, कोणी काय वाजविले ते छापतो, करार करतो, वाटा देतो. अप्रामाणिक प्रकाशक कोणालाही न विचारता छापतो आणि गल्ला भरतो. आपल्या कायद्यात वादक-गायकांचे हक्क प्रथम 1994 च्या दुरुस्तीने आले; व्यापारी वापरातील मानधनाचा वाटा 2012 च्या दुरुस्तीने स्पष्ट झाला. ध्वनिमुद्रणावरील मालकीहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. म्हणजे जुन्या तबकड्या कायद्याने मोकळ्या झाल्या तरी नावाचे ऋण मोकळे होत नाही. ते कोणत्याही कलमाने फिटत नाही.

तेव्हा घरी आजोबांच्या तबकड्या असतील, तर त्या भंगारात वजनावर घालण्यापूर्वी वरचा कागद वाचा. साथीला कोण होते हे सांगणारे एखादे वृद्ध माणूस अजून घरात असेल, तर त्याला विचारा आणि लिहून ठेवा. हजेरी उशिरा लागली तरी ती हजेरीच.