मधपेटीला रंग बाहेरूनच का?

मधमाश्यांचा इतिहास म्हटलं की सगळे मधाकडे वळतात. मला आज पेटीच्या फळीबद्दल बोलायचंय. लाकूड, पाऊस आणि रंग. कंटाळवाणं वाटतंय? थांबा जरा. या फळीवर काय फासायचं हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना माणसानं एकदा चक्क विष वापरलंय.

पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला शेतीवरच्या ग्रंथात माश्यांची घरं कशाची असावीत ते सांगतो. त्याला बुचाच्या झाडाची साल पसंत, कारण ती थंडीत गारठत नाही आणि उन्हात तापत नाही. शेणाची घरं त्याला नको होती, ती पेट घेतात म्हणून. पण शेण काही सुटलं नाही. इंग्लंडमध्ये पुढे कित्येक शतकं काटक्यांच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या पाळायचे, आणि त्यांना बाहेरून शेण-चुन्याचा गिलावा द्यायचे. आपला कुडच की! वर पेंढ्याची टोपी, म्हणजे जवळपास इरलंच.

मग आला लँगस्ट्रॉथ. अमेरिकेतला हा पाद्री. १८५१ मध्ये त्याच्या लक्षात आलं की सुमारे ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जागा सोडली तर माश्या तिथे पोळंही बांधत नाहीत आणि ती बुजवतही नाहीत, येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. त्यावरून चौकटी उचलून काढता येतील अशी पेटी तयार झाली, १८५२ मध्ये पेटंट मिळालं. आजची बहुतेक मधपेटी त्याच हिशेबावर उभी आहे.

आता गंमत बघा. सगळा शोध साडेनऊ मिलिमीटरवर टेकलेला, आणि लाकूड तर पावसात फुगतं, उन्हात आखडतं, वाकतं. फळी वाकली की फट बदलली, फट बदलली की चौकट चिकटली. म्हणजे रंग हा नुसता शोभेचा विषय राहिला नाही. त्या काळी घरांना लागायचा तोच रंग पेट्यांनाही, अळशीच्या तेलात घोटलेला शिशाचा सफेदा. पण फक्त बाहेरून.

आतून का नाही? एक तर आतली बाजू माश्या स्वतःच सांभाळतात. युरोपातली माशी झाडांचा चीक, राळ गोळा करून आणते आणि फटी, खरबरीत फळ्या त्यानं लिंपून टाकते. यालाच प्रोपोलिस म्हणतात. दुसरं म्हणजे वाफ. फुलातला रस पाणीदार असतो, मधात पाणी जेमतेम वीस टक्क्यांच्या आत. मधलं सगळं पाणी माश्या पंखांनी वारा घालून उडवतात. ती वाफ फळीत शिरते आणि बाहेरच्या घट्ट रंगाखाली अडकते. म्हणून तर चांगल्या पेटीवरही रंगाचे फोड येतात.

विसाव्या शतकात रसायनं आली. विजेचे खांब ज्यात बुडवायचे त्याच पेन्टाक्लोरोफेनॉलमध्ये, नाहीतर तांबं-क्रोमियम-आर्सेनिकच्या मिश्रणात पेट्यांचं लाकूडही बुडवलं जाऊ लागलं. लाकूड टिकलं, पण १९८४ मध्ये काल्निन्स आणि डेट्रॉय या दोघांचा अभ्यास छापून आला. पेन्टाक्लोरोफेनॉल माश्यांत, मेणात आणि मधात उतरलेलं होतं, आणि दुसऱ्या मिश्रणाच्या पेट्यांतल्या माश्यांच्या अंगात आर्सेनिक वाढलेलं. कॉपर नॅप्थिनेट मात्र निरुपद्रवी निघालं. मला यात मूर्खपणापेक्षा सवय दिसते. खांब आणि घर यात फरक करायचा राहून गेला.

न्यूझीलंडमधली वाट मला जास्त आवडते. तिथे पेटी वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवतात, १६० अंश सेल्सियसला दहा मिनिटं. लाकडातलं पाणी फसफसून बाहेर पडतं, आणि गार होताना मेण आत ओढलं जातं. शिवाय फाउलब्रूड नावाच्या रोगाचे जीवाणू लाकडात वर्षानुवर्षं दबा धरून बसतात, तेही मरतात. (घरच्या गॅसवर करून बघू नका हं, मेण भडकतं.)

आता महाबळेश्वरला या. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पावसाळ्यात फुलं नाहीत, उघडीप नाही, मधपाळ साखरेचा पाक देऊन वसाहती जगवतात. याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. आणि इथली आपली सातेरी माशी प्रोपोलिस जवळजवळ वापरतच नाही! लँगस्ट्रॉथच्या माशीसारखी ती फट लिंपत नाही. फट तशीच राहते, तिथून ओल येते, आणि मेणकिड्याचा पतंग अशाच फटीत अंडी घालतो. त्याच्या अळ्या पोळं पोखरतात आणि कंटाळलेली सातेरी एक दिवस पेटी सोडून उडून जाते. म्हणून सातेरीच्या पेटीत सुताराचा सांधा घट्ट लागतो, छपराला पत्रा लागतो, आणि बाहेरचा रंगाचा हात मे महिन्यातच उरकावा लागतो, म्हणजे पहिल्या पावसाच्या आत तो वाळतो आणि त्याचा वासही जातो.