बाहुलीचे लुगडे : एका घरगुती कलेचा इतिहास

इतिहास म्हटला की राजेरजवाडे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. परंतु सुईदोऱ्यालाही इतिहास असतो आणि तो बहुतांशी स्त्रियांनी घडविलेला असतो. बाहुलीचे कपडे शिवणे हे त्यातलेच एक लहानसे, उपेक्षित प्रकरण. त्याकडे मंडळाच्या भगिनींचे लक्ष वेधावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या आज्यापणज्यांच्या बालपणी बाहुली दुकानातून क्वचितच येई. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी बाहुल्यांचा लौकिक मोठा. पण सामान्य घरातली ठकी चिंध्यांचीच असे. खानदेश हा तर कापसाचा मुलूख. पोटात भरायला कापूस घरचा आणि अंगावर घालायला आईच्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा. जळगावच्या कापडगिरणीचा उल्लेख १८८० सालच्या खानदेश गॅझेटिअरमध्येही आहे. पुढे अमळनेर, चाळीसगाव, धुळे येथेही गिरण्या निघाल्या. तरीही नव्या कापडाला बाहुलीसाठी कात्री लावण्याची चैन कोणत्या घरात होती? चोळीच्या खणातून उरलेला टीचभर तुकडा मिळाला, तरी बाहुलीच्या घरी दिवाळी होई.

खरी कसोटी लागे ती बाहुला-बाहुलीच्या लग्नात. वधूला लुगडे-चोळी, वराला धोतर, अंगरखा आणि पागोटे, दोघांना दोऱ्याच्या मुंडावळ्या, काळ्या मण्यांचे मंगळसूत्र, बारीक तारेची नथ! हे सारे मुलींनी स्वतः करावयाचे. धावदोरा, टीप, काज, गोट या गोष्टी कित्येक मुली येथेच शिकल्या. झबले बिघडले तर घरात बोलणी बसत. बाहुलीची चोळी बिघडली तर ती उसवून पुन्हा शिवता येई. चुकण्याची मुभा देणारी ही पहिली शाळाच नव्हे काय?

सजविण्याची ही हौस वय वाढले म्हणून सरत नसे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते, तेव्हा नारळाला वस्त्र, नथ आणि दागिने चढवून देवीचे रूप देणारे हात तेच असतात. आखाजीची गौराई आणि भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत बसणारी गुलाबाई, यांच्या भोवतीही मुलींचा मेळा जमतो. खेळातील बाहुली आणि पूजेतील देवी यांत अंतर आहेच. पण नटविणाऱ्या बोटांची तालीम एकच.

पुढे हे काम शिक्षणाच्या वर्गात आले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन सुरू झाले. तेथील शिवणाच्या वर्गांमुळे अनेक गरजू स्त्रियांना मिळकतीचे साधन लाभले. शिवणवर्गातील मुली नमुन्याच्या वहीत चिमुकली झबली, परकर व पोलकी शिवून चिकटवीत. ती बाहुलीच्या मापाचीच असत!

हा छंद केवळ आपलाच नव्हे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीपाशी लहानपणी १३२ लाकडी बाहुल्या होत्या आणि त्यांपैकी ३२ जणींचे पोशाख तिने स्वतः शिवले होते. १९२७ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी व मुलांनी बारा हजारांहून अधिक बाहुल्या कपड्यांसह स्नेहाची भेट म्हणून जपानला पाठविल्या. जपानने किमोनो नेसलेल्या ५८ बाहुल्या उलट भेट दिल्या. पुढे महायुद्धात जपानमधील त्या बाहुल्यांपैकी बहुतेक नष्ट केल्या गेल्या. ज्या वाचल्या, त्या कोणीतरी लपवून जपल्या म्हणून!

आपल्या देशात व्यंगचित्रकार शंकर यांनी देशोदेशींच्या बाहुल्या जमविल्या आणि १९६५ मध्ये दिल्लीस त्यांचे संग्रहालय उघडले. तेथील कार्यशाळेत भारताच्या निरनिराळ्या प्रांतांचे वेष ल्यालेल्या बाहुल्या तयार होऊ लागल्या व त्या देऊन परदेशी बाहुल्या मिळविता आल्या. पोशाख हीच बाहुलीची ओळख ठरली.

आणि आपण काय जपले? आज्जीच्या हातची बाहुली फाटली की चिंध्यांबरोबर गेली. आज लुगडे रोजच्या वापरातून गेले आहे आणि अनेक मुलींना कासोटा घालता येत नाही. बाजारात शिवलेली 'नऊवारी' मिळते, पण तिच्यात नेसण्याची कला कोठून असणार? म्हणूनच अंगावरून उतरलेला वेष निदान बाहुलीच्या अंगावर तरी टिकला पाहिजे.

हे अवघड नाही. मात्र हिशेब हवा. पाच फुटी स्त्रीला नऊ वार लागतात, तर एक फुटाच्या बाहुलीला त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे पावणेदोन वारांहून किंचित अधिक. पन्हा नऊ इंच पुरे. जाड कापड लहान अंगावर फुगते, म्हणून जुने, मऊ सुती वापरावे. काठ नाजूक निवडावा. मोठा काठ बाहुलीला गिळून टाकतो. निऱ्या ओल्या करून दोऱ्याने बांधून वाळविल्या म्हणजे बसतात. आणि मुख्य म्हणजे, बाहुलीचे पाय सुटे असावेत, नाहीतर कासोटा जाणार कोठून?

मंडळाच्या भगिनींनी मनावर घेतले, तर एका कपाटात अवघा खानदेश उभा राहील : शेतावर निघालेली काष्टा घातलेली लेवा पाटलीण, आरसे व कवड्या लावलेली कांचळी ल्यालेली बंजारा भगिनी, सातपुड्यातील पावरा भगिनी. मात्र प्रत्येकीचा वेष तिच्या समाजातील जाणत्या बाईला विचारून, तिच्यासमोर बसूनच शिवावा. अंदाजाने शिवलेला वेष म्हणजे खोटा इतिहास. बाहुलीच्या पाठीशी चिठ्ठी जोडावी : वेष कोणत्या गावचा, नेसण कोणी शिकविली, शिवला कोणी आणि कोणत्या साली.

आज ज्यांना नेसण ठाऊक आहे, त्या आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याची वेळ हीच आहे.